दोघींचा खालचा सूर

"नऊ कशाला लावल्या?" धाकटीने विचारलं.

रंगमंचावर गुडघे टेकून बसलेला बॅकस्टेजवाला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडत होता. तो तुकडा फळ्यांवर अंगठ्याने दाबत म्हणाला, "गेल्या वर्षी नऊच होते ना तुम्ही? माझ्या बरोब्बर लक्षात आहे. अर्धा गोल, नऊ खुणा, आणि समोर ते हातवारे करणारे काका."

"आता आठ आहोत."

"का हो ताई? कोण गळालं?"

"माझ्या सासूबाई. गेल्या महिन्यात वारल्या."

दुकानात गिऱ्हाइकाला 'ही फ्रेम संपली, नवा माल यायचाय' सांगावं, तसं ते तिच्या तोंडून बाहेर आलं. चपापला तो बॅकस्टेजवाला. त्याने घाईघाईने शेवटून दुसऱ्या पट्टीच्या टोकाखाली नख घातलं. कोणती पट्टी कोणाची हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण नेमकं तिथेच नख घातलं.

"काढून टाकतो. आणि बाकीच्या जरा सरकवून घेतो."

"राहू द्या."

"अहो, मधे भगदाड दिसेल."

"दिसू दे. काढू नका ती."

तो खांदे उडवून उठला. त्याला अजून दिव्यांचं काम होतं, आणि गायक मंडळींच्या लहरी सांभाळायची त्याला सवय होती.

हे कलाकेंद्र म्हणजे पूर्वीचा छापखाना. यंत्रं गेली, दोनशे खुर्च्या आल्या, पण पावसाळी हवेत विंगेतल्या भिंतीला अजून शाईचा वास सुटतो. वर्षातून एकदा इथे हौशी मंडळींची संध्याकाळ असते. बाहेर फलकावर मोठ्या अक्षरांत 'अ कापेला संध्याकाळ' लिहिलेलं असतं, आणि ज्यांच्या तोंडात हा शब्द बसत नाही त्यांच्यासाठी खाली लहान अक्षरांत 'फक्त गळ्याने गायलेली गाणी'. पाच-सहा गट येतात. त्यांतला हा गट सगळ्यांत जुना. सगळ्यांत चांगला आहे असं कोणी म्हणणार नाही, खुद्द त्यातले लोकही नाही. पण दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात छोट्या बाकांवर गुडघे आवळून बसतात आणि गातात. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते अशांसाठीच.

त्यांचे मास्तर म्हणजे गाण्याचे मास्तर नव्हेत. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर तेच ज्ञान गाण्याला लावलं. 'वळणाआधी हळू', 'चढावर दम सोडू नका', 'आता क्लच सोडा, हळूच, हळूच, हां'. गंमत अशी की हे सगळ्यांना लगेच समजायचं. सात सुरांचं शास्त्र सांगून जे डोक्यात शिरलं नसतं, ते क्लच म्हटल्यावर शिरत होतं.

मास्तर आता विंगेत उभे होते आणि चिकटपट्ट्यांकडे पाहत होते.

"धाकट्या बाई, जरा इकडे या."

ती गेली. पुढचं काय ते तिला माहीत होतं.

"शेवटच्या गाण्यापुरतं औषधवालीला तुमच्या शेजारी घेऊ," ते म्हणाले. औषधवाली म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानात बसणारी पोरगेली बाई, गटात दोन वर्षांपूर्वी आलेली. "तिचा आवाज खाली जातो. मी ऐकलाय. नुसता हुंकार तर धरायचा आहे."

"नको मास्तर."

"हट्ट करायची वेळ आहे का ही?"

"गुरुवारी जमलं होतं की मला एकटीला."

"जमलं होतं. तिथे तुम्ही कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीला टेकून बसला होतात. बाकीच्यांचा आवाज चढला की चोरून श्वास घेत होतात, ते मला दिसत होतं. इथे दोनशे माणसांपुढे उभं राहायचंय." ते थोडे थांबले. "हे बघा, वरचा कोणी चुकला तर चालतं. आपले दंतवैद्य तर दर वेळी चुकतात. पण खालचा सूर तुटला की वरची सगळी माणसं हवेत लटकतात."

"तुटणार नाही. शब्द देते."

मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "गाडी तुमच्या हातात."

धाकटी हे तिचं नाव गटातलं. सासूबाई थोरल्या, म्हणून ही धाकटी. पन्नाशीला टेकली तरी धाकटीच. आता थोरल्याच राहिल्या नव्हत्या, तरी हाक बदलायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं, आणि ते बरंच होतं.

या सासू-सुनेचं पटत नव्हतं असं म्हणता यायचं नाही. पटायला किंवा न पटायला आधी बोलावं लागतं. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. 'माझं बोलणं नोकरीतच संपलं,' असं त्या म्हणायच्या आणि घरात मूग गिळून बसायच्या. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मग कळलं की त्या पोटच्या पोरांशीही अशाच. मग तीही गप्प राहायला शिकली, आणि एकदा शिकल्यावर तिला ते सोयीचं वाटलं. 'किल्ली घेतलीस?' 'गॅस बंद केला.' 'उशीर होईल.' 'बरं.' एवढ्यावर घर चालत होतं. नणंद म्हणायची, "तुमच्या घरात आलं की टीव्ही लावावासा वाटतो."

गटात सासूबाई आधीपासून होत्या. खालच्या सुरात त्यांच्याबरोबर गाणारी बाई गाव सोडून गेली, तेव्हा मास्तर चिंतेत पडले. बायकांत इतका खालचा आवाज मिळणं कठीण. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आमच्या घरी आहे एक. चिडली की खालच्या पट्टीत बोलते." एवढं मोठं वाक्य त्या बोलल्या याचंच सगळ्यांना नवल वाटलं. पुढच्या गुरुवारी त्या सुनेला म्हणाल्या, "चल." कुठे, ते सांगितलंच नाही. ती चपला घालून निघाली.

गटाचं शेवटचं गाणं ठरलेलं. संध्याकाळी नावेतून घरी परतणाऱ्या माणसाचं गाणं, दंतवैद्यांच्या वडिलांनी कधीतरी लिहिलेलं. वर सहा-सात आवाज शब्द गातात, आणि खाली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर, ओठ मिटून. मास्तर त्याला इंजिन म्हणत. वर काय वाटेल ते होऊ दे, इंजिन बंद पडता कामा नये. आता माणसाच्या छातीत तेवढी हवा मावत नाही. म्हणून हे काम दोघींचं. एकीने सूर धरायचा तेव्हा दुसरीने श्वास घ्यायचा, मग उलट. ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी श्वास घेतच नाही.

सुरुवातीला दोघींची फार तारांबळ उडायची. दोघी एकदम श्वास घ्यायच्या आणि मास्तर कपाळाला हात लावायचे. मग एका गुरुवारी सासूबाईंनी आपला श्वास घेऊन झाल्यावर, सूर पकडल्यावर, सुनेच्या डाव्या कोपराला हळूच हात लावला. म्हणजे, मी आहे, तू घे आता. सुनेला ते न सांगता समजलं. तिचा श्वास झाल्यावर तिने सासूबाईंच्या उजव्या कोपराला हात लावला. झालं. त्या दिवसापासून सूर कधी तुटला नाही. दोघींनी याविषयी एक शब्दही कधी काढला नाही, ना वर्गात ना घरी. पण अकरा वर्षं दर गुरुवारी, आणि वर्षातून एकदा इथे, शेवटून दुसऱ्या आणि शेवटच्या खुणेवर उभं राहून, त्या एकमेकींना श्वास देत होत्या. घरी त्यांचा हात एकमेकींना लागला असेल तर तो भांडं देता-घेताना.

दवाखान्यातली ती दुपार धाकटीने कोणालाच सांगितली नव्हती. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. नणंद अजून गाडीत होती. सासूबाईंचे डोळे मिटलेले, आणि एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंतचं अंतर वाढत चाललेलं. एकदा ते फारच लांबलं. धाकटी खुर्चीवर बसून होती. तिच्या हाताने, तिला न विचारता, पुढे होऊन सासूबाईंच्या उजव्या कोपराला स्पर्श केला. सासूबाईंनी श्वास घेतला. थोड्या वेळाने तिने परत हात लावला. त्यांनी परत घेतला. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा घेतला नाही. ती हात तिथेच ठेवून बसून राहिली, परिचारिका आत येईपर्यंत.

तेव्हापासून तिला काही वाटत नव्हतं. म्हणजे वाईट वाटत होतं पण दाखवत नव्हती, असं नाही. खरोखरच काही वाटत नव्हतं. नणंद कोणाशी तरी फोनवर बोलताना तिने ऐकलं, "वहिनीच्या डोळ्याला पाणी नाही गं. इतकी वर्षं एका घरात राहून." तिला रागही आला नाही. नणंद म्हणाली ते खरंच होतं.

ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करते. समोर माणूस बसतो, डोळ्यांपुढे यंत्र येतं, काच बदलायची आणि विचारायचं, "आधीचं स्पष्ट, की आताचं?" माणसं फार विचार करून सांगतात, जणू परीक्षाच आहे. कधीकधी एखादा ओशाळून म्हणतो, "दोन्ही सारखंच दिसतंय." या महिन्यात तिला वाटायचं, आपल्याला कोणी विचारलं तर आपणही तेच सांगू. सकाळ आणि संध्याकाळ, चहा आणि पाणी, नणंदेचं टोचून बोलणं आणि शेजारणीचं गोड बोलणं, दोन्ही सारखंच.

फक्त डाव्या बाजूला तसं नव्हतं. रस्त्याने चालताना, दुकानात उभी असताना, तिच्या डाव्या बाजूला हातभर जागा आहे हे तिला कळत राहायचं. आणखी काही नाही, एवढंच. पण बाकी सगळं अंग बधिर असताना तेवढं एक कळत होतं, आणि तिथे तिला औषधवाली नको होती, दुसरंही कोणी नको होतं. मास्तरांना हे सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून तिने शब्द दिला.

पाच वाजता माणसं यायला लागली. नवरा आला. तो फरशांच्या गोदामात हिशेब ठेवतो, आणि गाण्याच्या बाबतीत त्याचा आनंदच आहे. आई आणि बायको दोघी गातात हे कळल्यावर तो मित्रांना सांगायचा, "आमच्याकडे वऱ्हाड आहे, वाजंत्री नाही." पण कधी ऐकायला आला नाही. गुरुवारी तो घरी एकटा टीव्ही बघायचा आणि आयुष्यातला शांत दिवस म्हणायचा. आज मात्र दुपारी जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाला होता, "मी येतो संध्याकाळी." ती म्हणाली, "बरं." आता तो तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसा बसला होता.

आधी कॉलेजच्या मुलांचा गट झाला. त्यांतला एकजण तोंडाने ड्रम वाजवत होता आणि टाळ्या बहुतेक त्यालाच पडल्या. विंगेत मास्तर पुटपुटले, "हॉर्न चांगला आहे. ब्रेकचं माहीत नाही." मग एका कंपनीतल्या बायकांचा गट, सगळ्या सारख्या ओढण्या घेतलेल्या. मग बापलेकांची एक चौकडी, ज्यांतला धाकटा मुलगा मधेच हसायला लागला आणि मग सगळं सभागृह हसायला लागलं.

धाकटी विंगेत उभी होती. शाईचा वास येत होता. औषधवाली जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, मास्तरांनी मला तो खालचा सूर करून ठेवायला सांगितला होता. मी केलाय. लागलं तर मी आहे हं."

"नाही लागणार."

"नाही, म्हणजे, मी आपलं सांगितलं."

"पाणी पिऊन घे," धाकटी म्हणाली. इतकं कोरडं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण मऊ बोलायला जे लागतं, ते कुठे ठेवलंय ते तिला सापडत नव्हतं.

त्यांची पाळी आली. आठ माणसं नऊ खुणांवर जाऊन उभी राहिली. धाकटी शेवटच्या पट्टीवर. तिच्या डावीकडे एक रिकामी पट्टी, आणि तिच्यापलीकडे औषधवाली. लोकांना त्यात काही दिसलं नाही. गायक कसेही उभे राहतात असं लोकांना वाटतं.

पहिली दोन गाणी ठीक झाली. दंतवैद्य चुकले, पण ठरलेल्या जागी चुकले. मग मास्तरांनी खिशातून सुराची छोटी गोल शिट्टी काढली आणि शेवटच्या गाण्याचा सूर फुंकला. धाकटीने ओठ मिटले आणि तो उचलला.

सूर छान लागला. छातीत, मग पायांखालच्या फळ्यांत तो तिला जाणवला. वर नाव निघाली, वल्हं पाण्यात पडलं, किनाऱ्यावरचा दिवा दिसायला लागला. पहिल्या चढावर वरचे आवाज मोठे झाले, तेव्हा तिने गुरुवारसारखा चोरून श्वास घेतला. कोणाला कळलं नाही. मास्तरांनी डोळे मिचकावले. दुसऱ्यांदाही जमलं. इंजिन चालू होतं.

मग ती मधली जागा आली, जिथे वरचे सगळे हळू होतात. नावेतला माणूस थकून वल्हं थांबवतो आणि नाव आपोआप वाहत राहते, तिथे वर जवळजवळ कुजबुज असते आणि खालचा सूर एकटा ऐकू येतो. इथे श्वास चोरता येत नाही. इथे सासूबाई नेहमी अगदी वेळेवर हात लावायच्या.

धाकटीचं डावं कोपर अंगापासून थोडं बाहेर आलं. वर्गातल्या बाकावर, भिंतीला टेकून बसलेली असताना ते कधी आलं नव्हतं. इथे, या फळ्यांवर, शेजारची पट्टी मोकळी असताना आपोआप आलं, म्हणजे हाताला सापडावं. आणि ती थांबली. आता लागेल. मास्तरांचा हात हळूहळू खाली येत होता. आता. तिची छाती जळायला लागली. श्वास घ्यायला तिला कोणी अडवलं नव्हतं. पण या जागेवर, इतक्या वर्षांत, कोपराला हात लागल्याशिवाय तिने श्वास कधी घेतलाच नव्हता. स्वतःहून घेता येतो हे तिला सुचलंच नाही. ती फक्त वाट बघत राहिली.

सूर बारीक झाला, दोऱ्यासारखा झाला, आणि तुटला.

खाली काहीच उरलं नाही. वरचे आवाज एक क्षण तसेच टांगलेले राहिले. मास्तरांचा हात हवेत थांबला. औषधवालीने मान वळवली आणि तिचे ओठ उघडले, पण तिने काढला नाही आवाज. नको म्हटलेलं तिला आठवलं असणार. ती नको म्हटलेलं ऐकणारी मुलगी होती. त्या शांततेत पाठीमागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

मग धाकटीने स्वतःच श्वास घेतला, आवाज करत, उशिरा बसमध्ये चढलेल्या माणसासारखा. सूर परत उचलला आणि शेवटपर्यंत धरला. नाव किनाऱ्याला लागली. माणूस घरी पोचला. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या, तोंडाने ड्रम वाजवणाऱ्या मुलालाही पडल्या नव्हत्या इतक्या.

तिच्या मनात एकच वाक्य आलं. शब्द दिला होता, तो गेला. तेही कोणी दुसऱ्याने दुसऱ्याबद्दल सांगितल्यासारखं.

विंगेत सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते. कंपनीतल्या बायकांपैकी एक येऊन म्हणाली, "मधे तुम्ही सगळं थांबवता ना, तिथे अंगावर काटा आला हो. काय कल्पना आहे!" मास्तरांनी तिचे आभार मानले. मग ते धाकटीजवळ आले, आपली शिट्टी उगाच रुमालाने पुसत राहिले.

"मास्तर, माझं चुकलं," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "पण गाडी बंद पडली तिथेच सोडून नाही आलात. चालू करून घरी आणलीत." आणि खाकरून निघून गेले.

रंगमंचावर बॅकस्टेजवाला पट्ट्या उपटत होता. पुढच्या गटात बारा माणसं होती, त्याला सगळ्या खुणा नव्याने लावायच्या होत्या. एकेक पट्टी टर्रकन ओढायची, गोळा करायची, खिशात टाकायची. शेवटून दुसरी त्याने इतर पट्ट्यांसारखीच ओढली. धाकटीने ते पाहिलं. मग ती वळली. औषधवाली पिशवीत पाण्याची बाटली कोंबत होती.

"गुरुवारी थोडी लवकर ये," धाकटी तिला म्हणाली.

"मी? का हो काकू?"

"माझ्या शेजारी उभं राहायचंय ना. एक गोष्ट दाखवायची आहे. अवघड नाही."

"बरं काकू," ती म्हणाली, आणि काही विचारलं नाही.

बाहेर अजून उजेड होता. दुकानं उघडी होती, फळवाला पेट्या आत घ्यायच्या तयारीत होता. नवरा फलकाखाली उभा राहून तिची वाट बघत होता. दोघं घराच्या दिशेने चालायला लागली. तो नेहमीप्रमाणे गाड्यांच्या बाजूने, तिच्या डावीकडून, पण जरा अंतर ठेवून. या माणसाला शेजारून चालता येत नाही. तो कायम एक पाऊल पुढे किंवा एक पाऊल मागे.

फळवाला मागे पडला.

"चांगलं झालं," तो म्हणाला.

"हं."

"मला त्यातलं काही कळत नाही. तुला माहितीये."

"माहितीये."

बेकरीपाशी तो थांबला. पाव घ्यायचा होता. घेतला, पिशवीत टाकला, परत चालायला लागला. मग पिशवीकडे बघत म्हणाला, "मधे एकदा खालचं काहीतरी बंद झालं ना गं?"

धाकटीचं पाऊल अडलं. "तुम्हाला कळलं?"

"कळलं म्हणजे काय. रात्री फ्रिज बंद होतो ना एकदम, तेव्हा आपल्याला कळतं, की अरे, इतका वेळ हा चालू होता. तसं वाटलं." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिथे आई असायची का?"

"हो."

"हं," तो म्हणाला. आणि काही पावलं गेल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखं, "चालू असताना कधी ऐकलंच नाही मी."

तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. इतर कोणत्याही बायकोने म्हटलं असतं. पण त्या घरात बोलायची रीतच नव्हती, आणि ती रीत घालून देणारं माणूस तर गेलं होतं. चौक आला. सिग्नल लाल होता, मग हिरवा झाला, आणि ती रस्त्यात उतरली. एक टेम्पो वळणावरून जोरात आत घुसला.

"अगं!" नवरा म्हणाला, आणि त्याने तिचं डावं कोपर धरलं.

धाकटीने श्वास घेतला.

रस्त्याच्या मधोमध उभं राहून तिने श्वास घेतला, लांब, खोल, पोटापासूनचा. तो संपेचना. टेम्पोवाला काहीतरी ओरडून निघून गेला. तिच्या छातीत दुखलं, चांगलंच दुखलं, इतके दिवस बधिर असलेल्या पायात रक्त येताना मुंग्या येतात तसं. डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"लागलं का?" नवऱ्याने घाबरून विचारलं.

तिने मान हलवली, हो की नाही ते त्याला कळलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "चल," तो म्हणाला, आणि तिला पलीकडे घेऊन गेला. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावरही तिने कोपर तसंच थोडं बाहेर धरून ठेवलं होतं. त्यालाही हात काढून घ्यायचं सुचलं नाही, आणि पहिल्यांदाच तो तिच्या शेजारून, पावलाला पाऊल लावून चालत होता.